मामा आले की मामी आल्याच : सॉफ्टवेअरमधल्या अवलंबित्वाची पाऊणशे वर्षं

तुमच्या फोनमधलं कुठलंही एक अ‍ॅप घ्या. बँकेचं, जेवण मागवायचं, रेल्वेच्या तिकिटाचं, कुठलंही. ते ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिथल्या लोकांनी त्यातला फार थोडा कोड स्वतः लिहिलेला असतो. तारीख कशी दाखवायची, फोटो लहान कसा करायचा, सर्व्हरशी सुरक्षितपणे बोलायचं कसं, ही कामं आधीच कुणीतरी करून ठेवलेली असतात. अशा तयार कोडच्या गठ्ठ्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. आपला कोड जिच्यावर अवलंबून आहे ती लायब्ररी म्हणजे आपली डिपेंडन्सी. पुढची भानगड अशी की त्या लायब्ररीच्याही स्वतःच्या डिपेंडन्सी असतात आणि त्यांच्याही आणखी असतात. मी सध्या ज्या प्रोजेक्टवर काम करतो, त्यात आम्ही हाताने लिहून मागवलेल्या लायब्रऱ्या चाळीसच्या आसपास आहेत. प्रत्यक्षात डाउनलोड होतात त्या हजाराच्या वर.

त्या हजारांपैकी कुठली लायब्ररी कुठल्या व्हर्जनची घ्यायची, हे आमच्यापैकी कुणी बसून ठरवलेलं नाही. बिल्ड टूल नावाचा प्रोग्रॅम ते ठरवतो. आपण एक कमांड देतो, चहा घेऊन येतो, तोवर हजार अनोळखी माणसांचा कोड आपल्या घरात येऊन बसलेला असतो. हा निर्णय माणसाच्या हातातून टूलच्या हातात कसा गेला आणि जाताना काय मागे राहिलं, त्याची ही गोष्ट.

पोलादी कपाट

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला. मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या या यंत्राला प्रोग्रॅम द्यायचा तो भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की वर्गमूळ काढणं, साइन-कोसाइन काढणं, आकडे नीट छापणं ही कामं जो तो पुन्हा पुन्हा लिहितो आणि पुन्हा पुन्हा चुकतो. मग विल्क्स, त्यांचा विद्यार्थी डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनले गिल यांनी अशा तुकड्यांचा संग्रह सुरू केला. एका कामाची एक पट्टी आणि सगळ्या पट्ट्या एका पोलादी कपाटात. लायब्ररी हा शब्द इथे शब्दशः खरा होता. १९५१ साली या संग्रहात ८७ पट्ट्या होत्या आणि त्याच वर्षी या तिघांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

वापरायची पद्धत साधी होती. कपाटातून हवी ती पट्टी काढायची, आपल्या प्रोग्रॅमच्या पट्टीवर तिची नक्कल करायची आणि मूळ पट्टी परत ठेवायची. अडचण एकच होती. तोच तुकडा प्रत्येकाच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीत वेगळ्या जागी जाऊन बसणार, म्हणजे त्याच्या आतले पत्ते दर वेळी बदलायला हवेत. व्हीलरने प्रोग्रॅम यंत्रात वाचून घेणाऱ्या सूचनाच अशा लिहिल्या की पट्टी आत जाता जाता पत्ते आपोआप बदलले जावेत. आज ज्याला लिंकिंग आणि लोडिंग म्हणतात, त्याची ही सुरुवात.

या कपाटाची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवू या, कारण पुढचा सगळा इतिहास ती एकेक करून गमावण्याचा आहे. पहिलं, पट्टी कोणी लिहिली ते ठाऊक होतं आणि तो माणूस शेजारच्या खोलीत बसायचा. दुसरं, एका कामाची साधारणपणे एकच पट्टी चालू असायची, त्यामुळे ‘कुठलं व्हर्जन’ हा प्रश्न फारसा पडत नसे. तिसरं, एकदा नक्कल केली की ती तुमची. उद्या कपाटातली पट्टी कोणी काढून नेली तरी तुमचा प्रोग्रॅम चालणारच.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. सॉफ्टवेअर वेळेत आणि धड बनत नाही, याची काळजी तोवर सगळ्यांना लागली होती. तिथे बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी एक निबंध वाचला. इतर उद्योगांत सुटे भाग कॅटलॉग पाहून मागवता येतात, आम्हाला मात्र प्रत्येक वेळी नट-बोल्टही घरीच घडवावे लागतात, ही त्यांची तक्रार होती. सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचा उद्योग उभा राहायला हवा असं त्यांचं म्हणणं होतं. तो उद्योग पुढे उभा राहिलाही. फक्त त्यातले बहुतेक कारागीर बिनपगारी असतील, हे त्या परिषदेत कुणाच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही.

वाया गेलेली सकाळ

आता १९७६, पुन्हा बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन हा तिथला नावाजलेला प्रोग्रॅमर एका सकाळी वैतागून स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. तो तासन्‌तास एक बग शोधत होता आणि बग त्याने आधीच दुरुस्त केलेला होता. फक्त ती बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे तो बरोबर कोड वाचत होता आणि जुना, चुकीचा प्रोग्रॅम चालवत होता. फेल्डमनची आदली संध्याकाळही अशाच घोळात गेली होती. त्याने त्या शनिवार-रविवारी एक टूल लिहून काढलं. त्याचं नाव मेक.

मेकची कल्पना स्वयंपाकघरात समजते. पुरणपोळी हवी तर पुरण आणि कणीक हवी. पुरण हवं तर शिजलेली डाळ आणि गूळ हवा. प्रत्येक पदार्थापुढे तो कशावर अवलंबून आहे आणि कसा करायचा हे लिहायचं. मेक ही यादी वाचतो आणि फाइलींच्या वेळा पाहतो. डाळ पुरणापेक्षा नवी दिसली तर पुरण शिळं, म्हणून ते पुन्हा करायचं. कणकेला हात लागलेला नसेल तर ती पुन्हा मळायची नाही. कशानंतर काय करायचं हा क्रम लावण्याचं गणित तेव्हा नवं नव्हतं. मोठ्या प्रकल्पांचं वेळापत्रक आखण्यासाठी लागणारी त्याची रीत ए. बी. कान यांनी १९६२ सालीच छापली होती. मेकने ती प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामात आणली.

मेकचा एक हट्ट आजही नव्या माणसाला रडवतो. नियमाखालची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाही. फेल्डमनला हे लवकरच खटकलं होतं. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांच्या फाइली बिघडवणं त्याला बरं वाटेना. त्या डझनभर लोकांसाठी ठेवलेला टॅब आता पन्नास वर्षांचा होतोय. एकदा कुणी तुमच्यावर अवलंबून राहिलं की बदलायला तुम्ही मोकळे राहत नाही, हा धडा इतक्या लवकर मिळाला होता. २००३ साली एसीएम या संघटनेने मेकसाठी फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला.

पण मेकला घराबाहेरचं काही कळत नाही. डाळ डब्यात आहे असं तो गृहीत धरतो. ती कुठल्या वाण्याकडून आणायची, गेल्या वर्षीची की यंदाची, हे त्याच्या यादीत नसतं.

कुणाचा शब्द चालणार?

नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं आणि वाण्याची दुकानं उघडली. पर्ल भाषेचा सीपॅन हा साठा १९९५ साली ऑनलाइन आला. डेबियन लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेजसोबत ‘मला अमुक पॅकेज लागतं’ अशी चिठ्ठी असायची आणि १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आलेलं ॲप्ट हे टूल त्या चिठ्ठ्या वाचून सगळं सामान आपोआप आणू लागलं. विंडोजवर मात्र त्या काळी वेगळाच तमाशा होता. सगळे प्रोग्रॅम एकाच सिस्टिम फोल्डरमधल्या सामायिक डीएलएल फाइली वापरायचे. नवा गेम टाकला की तो आपली जुनी डीएलएल तिथे आणून टाकायचा आणि काल चालणारा दुसराच प्रोग्रॅम आज बंद पडायचा. या प्रकाराला लोकांनी ‘डीएलएल हेल’ असं नावच ठेवलं होतं.

जावाच्या जगात २००० च्या सुमारास लायब्रऱ्यांच्या जार फाइली हाताने उतरवून प्रोजेक्टच्या एका फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत होती. कुठली फाइल कुठल्या व्हर्जनची आणि ती कोणी का आणली, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की ठाऊक असणाराही कोणी नाही. जेसन व्हॅन झिल यांनी सुरू केलेल्या मेवन या टूलने प्रत्येक लायब्ररीला पत्ता दिला : गट, नाव आणि व्हर्जन. हा पत्ता लिहिला की मेवन मध्यवर्ती साठ्यातून फाइल आणतो. २००५ साली आलेल्या मेवन २ ने त्यापुढचं पाऊल टाकलं. लायब्ररीच्या लायब्रऱ्या, त्यांच्याही लायब्रऱ्या, सगळ्या तो स्वतःच शोधून आणू लागला. प्रोग्रॅमरने आपल्या चाळीस ओळी लिहायच्या, पुढचं वंशावळीचं काम मेवनचं.

आणि इथे खरी पंचाईत सुरू झाली. समजा माझ्या अ‍ॅपला ‘अ’ आणि ‘ब’ या दोन लायब्रऱ्या लागतात. दोघींनाही ‘क’ लागते, पण ‘अ’ला क चं व्हर्जन १ हवं आणि ‘ब’ला व्हर्जन २. जावामध्ये साधारणपणे एका वेळी एकच ‘क’ राहू शकते. चौकोनी पतंगासारख्या दिसणाऱ्या या आकृतीला आम्ही डायमंड म्हणतो. आता कुणाचा शब्द चालणार?

मेवनने यावर आपल्याकडच्या लग्नघरात शोभेल असा नियम केला : जवळच्या नात्याचा शब्द चालतो. ज्याचं नातं तुमच्या प्रोजेक्टपासून कमी पायऱ्यांवर आहे, त्याने मागितलेलं व्हर्जन घ्यायचं. चुलत्याने एक सांगितलं आणि चुलत्याच्या मेव्हण्याने दुसरं, तर चुलत्याचं ऐकायचं. दोघे सारख्याच अंतरावर असतील तर यादीत ज्याचं नाव आधी त्याचं. नंतर आलेल्या ग्रेडल या टूलने नियम बदलला : मागितलेल्यांपैकी जे सगळ्यात नवं ते घ्यायचं. दोन्ही नियमांना चटकन उत्तर देता येतं. ते उत्तर बरोबरच असेल याची हमी मात्र दोन्हीकडे नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यात, आमच्या टीमचा एक जावा प्रोजेक्ट होता. एका शुक्रवारी तो नीट कंपाइल झाला, सगळ्या टेस्ट पास झाल्या आणि सर्व्हरवर चढवल्यावर तासाभरात कोसळला. ‘असं मेथडच अस्तित्वात नाही’ अशी एरर येत होती आणि ते मेथड तर आम्हाला समोर एडिटरमध्ये दिसत होतं. टीममधल्या ज्येष्ठ मॅडमनी शांतपणे डिपेंडन्सींची पूर्ण वंशावळ छापायला लावली. तीनेकशे ओळींचा कागद. आम्ही तो पेन्सिल घेऊन वाचत बसलो. जेसन वाचणारी एक लायब्ररी दोन वाटांनी येत होती आणि जवळच्या नात्याच्या नियमाने जुनं व्हर्जन जिंकलं होतं. ज्याला नवं हवं होतं ती वाट क्वचितच चालायची, म्हणून टेस्टमध्ये काही दिसलं नव्हतं. एक ओळ लिहून व्हर्जन पक्कं केलं आणि प्रश्न मिटला. मला त्या दिवसापासून एक गोष्ट छळत राहिली. ‘अ’ लिहिणाऱ्याचं बरोबर होतं, ‘ब’ लिहिणाऱ्याचं बरोबर होतं, मेवनने आपला नियम नीट पाळला होता. फक्त ते तिघे एकत्र कसे वागतील हे जगात कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं.

लग्नाची यादी

मग नात्याचा नियम सोडून, सगळ्यांच्या सगळ्या अटी पाळणारं उत्तर शोधलं तर? इथे गणित आडवं येतं.

समजा लग्नाला कुणाला बोलवायचं याची यादी करायची आहे. मामा येणार असतील तर मामी हव्यातच. मामी असतील तर आत्या येणार नाहीत. आजी म्हणते मोठे काका किंवा धाकटे काका, एक तरी हवाच. पण दोघांचं बोलणं नाही, म्हणून एका पंगतीत दोघे नकोत. मोठे काका आले तर आत्याला आणावंच लागेल. अशी यादी आपण दहा मिनिटांत लावू. आता यात मामा-मामींच्या जागी लायब्रऱ्यांची व्हर्जन्स ठेवा. ‘हे आलं तर ते हवंच’ म्हणजे डिपेंडन्सी. ‘या दोघांपैकी एक तरी’ म्हणजे चालू शकणाऱ्या व्हर्जन्सची यादी. ‘दोन्ही काका एकत्र नकोत’ म्हणजे एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स एकत्र नकोत. प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही लिहायचं. वीस नावं असतील तर दहा लाखांहून जास्त शक्यता होतात. तीनशे नावं असतील तर शक्यतांची संख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येच्याही पुढे जाते.

हो-नाहीचं हे कोडं गणितात प्रसिद्ध आहे. त्याला सॅट म्हणतात. १९७१ साली स्टीफन कुक यांनी दाखवलं की उत्तर तपासायला सोपं असलेलं कुठलंही कोडं सॅटच्या रूपात मांडता येतं. म्हणजे सॅट झटपट सोडवायची हमखास रीत सापडली तर तसली सगळीच कोडी झटपट सुटतील. अशी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. २००५-०६ च्या सुमारास एडॉस या युरोपीय संशोधन प्रकल्पात रॉबर्टो दी कॉस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की लिनक्समधलं एखादं पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न सॅटइतकाच अवघड आहे. मेवन वगैरे टूल्स लिहिणारे लोक रोज ज्या दगडावर डोकं आपटत होते, तो दगड केवढा आहे हे त्यातून कळलं.

याचा अर्थ प्रत्येक बिल्ड अडकून पडतं असा नाही. सगळ्यात वाईट परिस्थितीत वेळ प्रचंड वाढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या व्यवहारातली बहुतेक कोडी काही सेकंदांत सुटतात.

चार अटी आणि पळवाटा

२०१६ च्या डिसेंबरमध्ये गुगलच्या रस कॉक्स यांनी हा सगळा पेच चार साध्या अटींत मांडला. एक, लायब्ररीला आपल्या डिपेंडन्सीची नेमकी व्हर्जन्स मागता येतात. दोन, एखादी लायब्ररी घ्यायची तर तिच्या सगळ्या डिपेंडन्सी घ्याव्याच लागतात. तीन, प्रत्येक व्हर्जनच्या डिपेंडन्सी वेगळ्या असू शकतात. चार, एका लायब्ररीची दोन व्हर्जन्स एकत्र राहू शकत नाहीत. चारही अटी असल्या की कोडं अवघड. म्हणजे सोपं करायचं असेल तर कुठली तरी अट सोडायला हवी. कुठली सोडायची यावरून प्रत्येक भाषेच्या टूलचा स्वभाव ठरलेला दिसतो.

जावास्क्रिप्टच्या एनपीएमने चौथी अट सोडली. दोन्ही काकांना वेगवेगळ्या मांडवात जेवायला वाढा. प्रत्येक लायब्ररीला तिची तिची खासगी प्रत मिळते, भांडण मिटतं. किंमत अशी की फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर अशी इतकी खोली व्हायची की विंडोजवर फाइलच्या पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जायची. २०१५ च्या एनपीएम ३ ने शक्य तेवढ्या प्रती एकाच पातळीवर आणून हा पसारा आवरला.

गो भाषेसाठी कॉक्स यांनीच २०१८ मध्ये पहिल्या अटीला कात्री लावली. ‘किमान एवढं व्हर्जन हवं’ एवढंच म्हणायची मुभा, ‘याच्या वरचं नको’ असं म्हणायची नाही. मग सगळ्यांच्या मागण्यांपैकी सगळ्यात मोठी घेतली की काम झालं, शोधाशोध लागतच नाही. जुन्याशी न जुळणारं मोठं व्हर्जन काढायचं असेल तर लायब्ररीचं नावच बदलायचं. म्हणजे ती वेगळी व्यक्ती झाली, काकांचा प्रश्नच उरला नाही.

काहींनी एकही अट सोडली नाही आणि कोड्याशी सरळ कुस्ती केली. २००८ च्या ओपनसुसे ११.० ने सॅट सोडवणारं इंजिनच आपल्या टूलमध्ये बसवलं. डार्ट भाषेसाठी नॅटली वायझेनबॉम यांनी २०१८ मध्ये पबग्रब ही रीत आणली. तिचं मोठेपण असं की उत्तर नसेल तर ‘का नाही’ हे ती माणसाला कळेल अशा वाक्यांत सांगते. पायथॉनचं पिप बरीच वर्षं जी मागणी आधी दिसेल तीच खरी मानायचं. नोव्हेंबर २०२० च्या २०.३ व्हर्जनपासून ते मागे फिरून दुसरी वाट शोधायला शिकलं. २०२४ मध्ये आलेलं यूव्ही हे टूल पबग्रबच वापरतं.

या सगळ्यांचा भरवसा ज्यावर आहे ते म्हणजे व्हर्जनचा आकडा. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी त्याचा एक शिरस्ता लिहून काढला, सेमॅंटिक व्हर्जनिंग. २.४.१ मधला पहिला आकडा बदलला तर जुन्याशी जुळणार नाही, दुसरा बदलला तर नवी सोय आली पण जुनं चालेल, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. कल्पना चांगली आहे, पण आकडा हे शेवटी माणसाने दिलेलं वचन आहे. ‘फक्त दुरुस्ती’ असं प्रामाणिकपणे म्हणणाऱ्यालाही कळत नाही की कुणीतरी त्याच्या जुन्या बगवरच आपलं घर बांधून बसलंय. फेल्डमनचा टॅब आठवा.

म्हणून लॉक फाइल आली. २०१० मध्ये रुबीच्या बंडलरने ती लोकप्रिय केली, २०१६ मध्ये यार्नने ती जावास्क्रिप्टमध्ये आणली. एकदा कोडं सुटलं की उत्तर लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी तेच वापरायचं. गमावलेल्या तीन गोष्टींपैकी दुसरी आपण अशी अर्धीमुर्धी परत मिळवली.

अकरा ओळी

तिसरी गमावल्याचं जगाला कळलं २२ मार्च २०१६ रोजी. एका प्रोग्रॅमरच्या ‘किक’ नावाच्या पॅकेजवरून त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीशी वाद झाला आणि एनपीएमने ते नाव कंपनीला दिलं. त्याने चिडून आपली सगळी, म्हणजे २७३ पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक पॅकेज होतं. अकरा ओळींचं. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला हवी तेवढी रिकामी जागा भरून द्यायची. बेबेलसारखी बडी टूल्स वंशावळीत कुठेतरी खोल त्यावर अवलंबून होती आणि जगभरातली बिल्ड्स एकदम बंद पडली. एनपीएमने काही तासांत ते पॅकेज परत आणलं आणि पुढे पॅकेज काढून टाकण्याचे नियम कडक केले.

तेव्हा बहुतेकांनी थट्टा केली की आजकालच्या पोरांना अकरा ओळीही लिहिता येत नाहीत. मला ही थट्टा प्रश्न चुकवणारी वाटते. अकरा ओळी पुन्हा न लिहिणं हेच तर मॅकिलरॉय यांचं स्वप्न होतं. केंब्रिजच्या माणसाने मात्र पट्टीची नक्कल घरी नेली होती. आपण दर बिल्डला पुन्हा कपाटाशी जातो आणि कपाट कुणाच्या मालकीचं आहे याचा विचार ते रिकामं सापडल्यावरच करतो.

अर्धा सेकंद

राहिली पहिली गोष्ट, लिहिणारा माणूस ओळखीचा असण्याची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. या लायब्ररीचं काम फक्त नोंदी लिहून ठेवायचं, पण विशिष्ट मजकूर नोंदवायला दिला की ती बाहेरच्या सर्व्हरवरचा कोड आणून चालवायची. धोक्याच्या मापावर याला १० पैकी १० मिळाले. त्या आठवड्यात कंपन्यांमध्ये पहिला प्रश्न होता, ‘आपण हे वापरतो का?’ आणि अनेकांना उत्तर देता येईना, कारण त्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं. कुणाच्या तरी कुणाच्या तरी वाटेने ते टूलने आणून ठेवलं होतं. लायब्ररी सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक रात्री जागून दुरुस्ती करत होते आणि त्यांना शिव्याही तेच खात होते. सॉफ्टवेअरसोबत त्यातल्या घटकांची यादी द्यावी, हा आग्रह त्यानंतर वाढला. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

त्याच वर्षीच्या मार्चमधला प्रकार याहून विचित्र. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये चोरदरवाजा बसवला. तो नेहमीच्या कोडमध्ये दिसत नव्हता. प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातली बिल्डची एक फाइल तो गुपचूप जोडायची. निशाणा होता एसएसएच, म्हणजे जगभरच्या सर्व्हरचं मुख्य दार. गंमत म्हणजे एसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. डेबियन, फेडोरासारख्यांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिला एक्सझेड लागायची. मामांच्या मामींच्या ओळखीने चोर घरात शिरला.

तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने. चाचण्या घेताना त्याला दिसलं की एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्याने खणलं आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. ही व्हर्जन्स तेव्हा मुख्यतः चाचणीच्या शाखांमध्येच पोहोचली होती, म्हणून थोडक्यात निभावलं.

या प्रकरणात डिपेंडन्सी सोडवणारी सगळी टूल्स अगदी बरोबर वागली होती. व्हर्जनचा आकडा योग्य होता, गठ्ठा योग्य माणसाच्या सहीचा होता, अटी जुळत होत्या. कुठलं व्हर्जन कुणाशी जुळतं, या प्रश्नाचं उत्तर आपण पाऊणशे वर्षांत खरोखर सुंदर शोधलं आहे आणि त्या गणितावर माझं प्रेम आहे. पण ते व्हर्जन सांभाळणारा माणूस थकलाय का, त्याला कुणी पैसे देतं का, उद्या तो सोडून गेला तर किल्ल्या कुणाच्या हातात जातील, हे प्रश्न टूलला विचारताच येत नाहीत. ते विचारायला अजूनही शेजारच्या खोलीत जावं लागतं.

तुम्ही कोड लिहीत असाल तर कधीतरी आपल्या प्रोजेक्टची वंशावळ छापून पाहा. अगदी तळाचं, कधी न ऐकलेलं एक नाव निवडा आणि ते कोण सांभाळतं ते शोधा. मी शोधलं तेव्हा एकच नाव निघालं, आणि त्याच्या पानावर अनुत्तरित तक्रारींची लांबलचक रांग होती. त्यातल्या एका तक्रारीची दुरुस्ती मला जमण्यासारखी होती. ती करून पाठवली आहे.